एकच बाग, दोन अहवाल: द्राक्षातले कीडनाशकांचे अवशेष काढतात कसे आणि मोजतात कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराची मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. माल युरोपला पाठवायचा म्हणून वडिलांनी काढणीआधी एकाच बागेतली द्राक्षं दोन प्रयोगशाळांत तपासायला दिली. एकीने क्लोरपायरीफॉस या कीडनाशकासमोर ‘आढळले नाही’ असं लिहिलं, दुसरीने ०.०३ मिलिग्रॅम प्रति किलो. बागेत कीडनाशक सापडलं म्हणून वडील हादरलेत आणि मुलगी विचारते आहे: यातलं खरं कोणतं? आणि फळातून एवढंसं कीडनाशक बाहेर काढून मोजण्याचं काम प्रत्यक्षात होतं तरी कसं?

बावीस वर्षं मी याच कामात आहे. असे दोन कागद शेजारी ठेवून बसलेले बरेच शेतकरी पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन्ही अहवाल खरे असू शकतात. पहिल्या अहवालाच्या तळाशी किंवा शेवटच्या रकान्यात ‘एलओक्यू’ असं लिहिलेलं असेल, ते आधी बघा. ज्या पातळीच्या वरचा आकडा प्रयोगशाळा खात्रीने देऊ शकते ती ही पातळी. तिथे ०.०५ असेल, तर ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘०.०५ च्या वर आढळले नाही’ एवढाच. ०.०३ हे ०.०५ पेक्षा कमीच आहे, म्हणजे भांडण उरलंच नाही. मात्र तुमच्या वडिलांच्या कामाचा तो पहिला कागद नाही. युरोपात क्लोरपायरीफॉसची मान्यता जानेवारी २०२० मध्ये संपली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून तिथली कमाल मर्यादा, म्हणजे एमआरएल, ०.०१ वर आली. मर्यादा ०.०१ आणि प्रयोगशाळेची नजर ०.०५ च्या खाली पोचत नसेल, तर त्या तपासणीने मर्यादेबद्दल काहीच सांगितलेलं नाही. ‘आढळले नाही’ हे शब्द एलओक्यू आणि तपासलेल्या औषधांची यादी यांच्याशिवाय वाचूच नयेत. पुढचं सगळं उत्तर एका अर्थाने याचंच स्पष्टीकरण आहे.

०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे किती? एक टन द्राक्षांत १० मिलिग्रॅम. मिठात बोट टेकवलं तर बोटाला चिकटेल तेवढं. आणि यंत्रासमोर एक टन नसतोच, १० ग्रॅम लगदा असतो. त्यातलं कीडनाशक १०० नॅनोग्रॅम. एवढ्याशा ऐवजाला साखर, आम्लं, रंगद्रव्यं, सालीवरचं मेण या सगळ्यांतून वेगळं काढायचं, वाटेत सांडू द्यायचं नाही आणि वाटेत दुसरं काही मिसळू द्यायचं नाही, हे आमचं काम.

पण त्या आधी बाग आहे. माझ्या अनुभवात सर्वांत मोठी चूक यंत्रावर होत नाही, ती बागेत नमुना घेताना होते. ब्लोअरने फवारणी केली तरी सगळ्या घडांवर औषध सारखं बसत नाही. बाहेर लोंबणारा घड भिजतो, पानाआडचा कोरडा राहतो, वळणावर ट्रॅक्टर रेंगाळला की तिथली चार झाडं दुप्पट भिजतात. बांधाच्या ओळींवर शेजाऱ्याच्या फवाऱ्याचे तुषार येतात. तेव्हा वाटेवरचे हाताला लागतील ते पाच घड तोडून पिशवीत घातले तर त्यातून निघणारा आकडा त्या पाच घडांचा असतो, बागेचा नसतो. कोडेक्सच्या (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमाप्रमाणे द्राक्षासाठी किमान २ किलो आणि किमान ५ घड लागतात. मला हे किमान पुरेसं वाटत नाही. मी बांधाच्या ओळी सोडून नागमोडी चालत वीसेक ठिकाणांहून घडांचे तुकडे घेते: वरचा, खालचा, आतला, उन्हाकडचा. कापायच्या आधी हात धुवायचे. ज्या हातांनी सकाळी औषध कालवलं त्या हातांनी नमुना घ्यायचा नाही, हे मला प्रत्येक गावात सांगावं लागतं. सगळं एकत्र करून निम्मा भाग सीलबंद करून फ्रीजरमध्ये ठेवायचा, म्हणजे पुढे वाद झाला तर तपासायला तोच नमुना मिळतो. तुमच्या वडिलांनी दोन दिवशी दोन वेगळे नमुने दिले असतील, तर अहवाल वेगळे येण्याला तेवढं कारणही पुरतं.

प्रयोगशाळेत आल्यावर देठ काढतो. धूत मात्र नाही. ‘लोक तर धुऊन खातात, मग न धुता का तपासता?’ असं हमखास विचारलं जातं. मर्यादाच न धुतलेल्या, बाजारात जातो त्या मालासाठी ठरवलेल्या असतात. त्यामुळे मर्यादेशी तुलना करायची तर माल तसाच तपासला पाहिजे. प्रत्येक फळाचा कोणता भाग धरायचा हेही ठरलेलं आहे. केळं सालीसकट घेतात. आंब्याची कोय काढतात, पण हिशेब करताना कोयीचं वजन धरून पूर्ण फळावर आकडा काढतात. हे न पाळल्यामुळे दीडपट चुकलेले अहवाल मी पाहिले आहेत.

मग दळणं. हे काम सगळ्यांत कंटाळवाणं, म्हणून बहुतेक ठिकाणी नव्या मुलांवर टाकलेलं असतं, आणि इथेच आकडा बिघडतो. द्राक्षं मिक्सरमध्ये फिरवून भांड्यात डोकावून बघा. दोन मिनिटांत रस खाली जातो आणि सालीचे तुकडे वर तरंगतात. क्लोरपायरीफॉससारखी पाण्यात न विरघळणारी औषधं सालीत आणि सालीवरच्या मेणात बसलेली असतात. चमच्यात साल जास्त आली तर आकडा वाढतो, रस जास्त आला तर घटतो. उपाय म्हणजे फळं आधी गोठवून कोरड्या बर्फाबरोबर दळणं. मग लगद्याऐवजी बारीक बर्फाळ पीठ मिळतं, साल आणि गर एकजीव होतात, आणि थंडीमुळे नाजूक औषधं दळताना मोडत नाहीत. माझ्याकडे नवीन कोणी आलं की पहिला धडा हाच: एका दळलेल्या नमुन्यातून दहा वेगवेगळे १० ग्रॅम काढा, दहाही तपासा, आकडे किती पसरतात ते बघा. पसारा मोठा आला तर पुढच्या कोट्यवधींच्या यंत्राचा उपयोग नाही.

आता निष्कर्षण, म्हणजे औषध द्रावकात ओढून घेणं. आपल्याकडे दोन रस्ते रुळलेले आहेत. एक पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने द्राक्षासाठी बसवलेला: १० ग्रॅम लगदा, १० मिलिलिटर इथाइल अ‍ॅसिटेट आणि पाणी शोषायला १० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट. दुसरा जगभर चालतो तो क्वेचर्स, उच्चार ‘कॅचर्स’. ही पद्धत २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने आमच्या पेशाची रोजची रीतच बदलली. त्याआधी मोठमोठी विभाजक नरसाळी, शेकडो मिलिलिटर डायक्लोरोमिथेन, दिवसाला पाच-सहा नमुने. आता ५० मिलिलिटरची प्लास्टिकची नळी आणि अर्धा तास.

क्वेचर्समध्ये काय होतं ते जवळून सांगते, कारण तुम्ही कधीतरी ते हाताने करालच. नळीत १० ग्रॅम लगदा, त्यावर १० मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल. हे द्रावक पाण्यात पूर्ण मिसळतं, म्हणून फळातल्या पाण्यात शिरून पाण्यात विरघळणारी आणि न विरघळणारी दोन्ही प्रकारची औषधं उचलतं. जोरात हलवलं की एकसारखं गढूळ मिश्रण होतं. मग क्षार: ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, १ ग्रॅम मीठ, आणि युरोपीय पद्धतीत आम्लता राखण्यासाठी दीड ग्रॅम सायट्रेट क्षार. क्षार पडताच झाकण लावून ताबडतोब हलवायचं, एका मिनिटाचाही विलंब नको, नाहीतर मॅग्नेशियम सल्फेटचा तळाशी दगड होतो आणि मग ती नळी फेकण्याच्या लायकीची उरते. हलवताना नळी हातात गरम होते. मॅग्नेशियम सल्फेट पाणी धरून ठेवतं तेव्हा उष्णता बाहेर पडते, तिचा तो चटका. म्हणून आम्ही अ‍ॅसिटोनायट्राइल थंड वापरतो आणि नळ्या बर्फात ठेवतो. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर तीन थर दिसतात: तळाला मीठ, मध्ये लगदा आणि पाणी, वर अ‍ॅसिटोनायट्राइलचा स्वच्छसा थर. औषध त्या वरच्या थरात.

हा थर ‘स्वच्छसा’ असतो, स्वच्छ नसतो. त्यात आम्लं, रंग, थोडी साखर आलेलीच असते. ती काढायला दुसऱ्या लहान नळीत पीएसए नावाची पांढरी पूड (दर मिलिलिटरला साधारण २५ मिलिग्रॅम) आणि थोडं मॅग्नेशियम सल्फेट घालून पुन्हा हलवतात. पीएसए आम्लं आणि साखर धरतं. तेलकट नमुना असेल तर तेल धरणारी सी-१८ नावाची पूड, हिरवागार असेल तर काळी कार्बनची पूड. पण प्रत्येक झाडणीने घाणीबरोबर थोडं धान्यही जातं, तसंच इथे. पीएसए २,४-डी सारखी आम्लधर्मी तणनाशकं धरून ठेवतं, कार्बन थायाबेंडाझोलसारखे चपट्या रेणूंचे पदार्थ गिळतो. म्हणून ‘अर्क जितका नितळ तितकं काम चांगलं’ असं मी कधीच म्हणत नाही. सुरुवातीच्या वर्षांत कढीपत्त्याच्या एका नमुन्याचा अर्क काळसर हिरवा आला, तो नितळ करायच्या हट्टाने मी कार्बन वाढवत गेले. बाटलीतला अर्क पाण्यासारखा झाला, आणि पडताळणीसाठी मुद्दाम मोजून घातलेलं औषध निम्म्याच्या खाली आलं. हिरव्या अर्काने यंत्र घाण होतं, नितळ अर्काने आकडा खोटा होतो. मधली जागा प्रत्येक पदार्थासाठी स्वतः शोधावी लागते. कढीपत्ता, चहा, मिरची पावडर, वेलदोडा यांची प्रत्येकाची वेगळी. सुक्या पदार्थांत आधी पाणी घालून भिजवावं लागतं, नाहीतर द्रावक आत शिरतच नाही.

आता मोजणं. अर्कात शेकडो पदार्थ एकत्र असतात. क्रोमॅटोग्राफच्या नळीतून जाताना ते एकेक करून वेगळ्या वेळी बाहेर येतात: उष्णता सोसून वाफ होणारे गॅस क्रोमॅटोग्राफीत, बाकीचे द्रव क्रोमॅटोग्राफीत. पण एकाच वेळी दोन पदार्थही बाहेर येऊ शकतात, म्हणून नुसत्या वेळेवर विश्वास ठेवत नाहीत. पुढे तिहेरी वस्तुमान वर्णपटमापक असतो, ज्याला आम्ही रोजच्या बोलण्यात ‘एमएस-एमएस’ म्हणतो. त्याचं पहिलं दार ठरावीक वस्तुमानाचेच आयन (विद्युतभार असलेले कण) आत सोडतं. क्लोरपायरीफॉससाठी ३५०. मध्ये वायूवर आदळून ते आयन फुटतात. शेवटचं दार त्या तुकड्यांतले नेमके दोन मोजतं, १९८ आणि ९७. दोन्ही तुकडे दिसले पाहिजेत, स्टँडर्डमध्ये (माहीत असलेल्या मात्रेच्या शुद्ध औषधात) ज्या वेळी आले त्याच्या ०.१ मिनिटाच्या आत आले पाहिजेत, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण स्टँडर्डच्या ३० टक्क्यांच्या आत हवं. समजा स्टँडर्डमध्ये ते प्रमाण ०.६० आहे, तर नमुन्यात ०.४२ ते ०.७८ चालेल. ०.९५ आलं, तर शिखर कितीही सुंदर दिसो, त्याला क्लोरपायरीफॉस म्हणायचं नाही.

हा आग्रह हवेतून आलेला नाही. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने शीतपेयांच्या १२ ब्रँडमध्ये कीडनाशकं असल्याचं जाहीर केलं, तेव्हा पहिला हल्ला पद्धतीवरच झाला. त्या काळी बहुतेकांकडे इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर असायचा. तो क्लोरीनसारखे अणू असलेल्या पदार्थांना उत्तम प्रतिसाद देतो, पण ‘कोण’ ते सांगत नाही. शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली आणि फेब्रुवारी २००४ मधल्या तिच्या अहवालाने कीडनाशकं असल्याचा निष्कर्ष मान्य केला. त्या वादाने आमच्या क्षेत्राला मोठं केलं असं मी मानते. ‘सापडलं’ म्हणण्यासाठी काय पुरावा लागतो, याची चर्चा पहिल्यांदाच प्रयोगशाळेच्या बाहेर गेली.

पेयांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. युरोपात पिण्याच्या पाण्यात मर्यादा फार कडक आहे: एका कीडनाशकासाठी ०.०००१ मिलिग्रॅम प्रति लिटर, सगळ्यांची बेरीज ०.०००५. आपल्याकडे बाटलीबंद पाण्यालाही हीच. द्राक्षाच्या ०.०१ च्या शंभर पट खाली. तिथे १० मिलिलिटर घेऊन भागत नाही. एक लिटर पाणी शोषक भरलेल्या छोट्या कार्ट्रिजमधून थेंब थेंब जाऊ द्यायचं, औषध शोषकाला चिकटतं, मग ते थोड्या द्रावकाने सोडवून १ मिलिलिटरवर आणायचं. हजार पट घट्ट केलं. पण पाण्याबरोबर बाटलीचं प्लास्टिक, द्रावकातली अशुद्धी हेही हजार पट घट्ट होतं, हे विसरायचं नाही. फसफसणाऱ्या पेयातला वायू आधी अल्ट्रासॉनिकमध्ये ठेवून घालवतात, नाहीतर मोजमापच चुकतं. वाइनमध्ये अल्कोहोल आणि लाल रंगद्रव्यं आड येतात, म्हणून मी ती आधी पाण्याने पातळ करते. क्लोरपायरीफॉससारखी पाण्याला नकोशी असलेली औषधं आंबवताना चोथ्याबरोबर आणि गाळाबरोबर बरीचशी निघून जातात. त्यामुळे वाइन स्वच्छ निघाली तरी द्राक्ष स्वच्छ होतं असं म्हणता येत नाही.

आता यंत्राच्या एका खोडीबद्दल, कारण तुमच्या दोन अहवालांतला फरक इथेही लपलेला असू शकतो. द्रव क्रोमॅटोग्राफीनंतर पदार्थांना विद्युतभार देताना द्राक्षातली इतर द्रव्यं औषधाशी स्पर्धा करतात आणि त्याचा संकेत दाबतात. शुद्ध द्रावकातल्या १० नॅनोग्रॅमला १००० चा प्रतिसाद मिळत असेल, तर द्राक्षाच्या अर्कात तेवढ्यालाच ६०० मिळतो. गॅस क्रोमॅटोग्राफीत उलटं होतं: अर्काची वाफ होते त्या तापलेल्या काचेच्या नळीवर (लायनरवर) औषध गिळणाऱ्या जागा असतात, फळातली द्रव्यं त्या भरून टाकतात, औषध वाचतं, संकेत वाढतो. दोन्हीला इलाज एकच, स्टँडर्ड द्रावकात न बनवता न फवारलेल्या द्राक्षाच्या अर्कात बनवायचं. त्यासाठी आम्ही दरवर्षी न फवारलेल्या वेलांची द्राक्षं मिळवून फ्रीजरमध्ये साठवतो, आणि ही ‘ब्लँक’ द्राक्षं आमच्याकडे सोन्यासारखी जपली जातात. एखाद्या प्रयोगशाळेला विचारा, ‘स्टँडर्ड कशात बनवता?’ उत्तर अडखळलं तर समजा.

एक घटना सांगते. पूर्वी मी ज्या प्रयोगशाळेत होते तिथे एका सोमवारी ओळीने सगळ्या नमुन्यांत सायपरमेथ्रिन दिसू लागलं. डाळिंब, भेंडी, तांदूळ, सगळ्यांत जवळपास सारखंच. नमुने वेगवेगळ्या जिल्ह्यांतले. मी पहिल्यांदा ब्लँक पाहिलं, ज्यात नमुनाच नसतो, फक्त द्रावक आणि क्षार सगळ्या पायऱ्यांतून नेलेले असतात. त्यातही तेच. शनिवारी संध्याकाळी कोणीतरी दळणाच्या खोलीत झुरळांचा स्प्रे मारला होता. फळीवर उघड्या राहिलेल्या नळ्या आणि मिक्सरची पाती त्यात माखली होती. दोन दिवसांचं काम रद्द केलं, खोली धुतली, नळ्या फेकल्या. ते ब्लँक लावलेलं नसतं तर सहा-सात शेतकऱ्यांचा माल आमच्या झुरळांपायी नापास झाला असता. त्या दिवसापासून प्रत्येक बॅचमध्ये ब्लँक आणि प्रत्येक बॅचमध्ये ‘स्पाइक’ लावल्याशिवाय मी सही करत नाही. स्पाइक म्हणजे स्वच्छ द्राक्षाच्या १० ग्रॅममध्ये मोजून औषध घालणं. १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचं स्टँडर्ड १०० मायक्रोलिटर घातलं की ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो होतं. ते सगळ्या पायऱ्यांतून नेऊन शेवटी ७० ते १२० टक्के परत मिळालं पाहिजे.

हे सगळं व्यवस्थित करूनही माणूस फसू शकतो, आणि महाराष्ट्राने ते २०१० मध्ये भोगलं. त्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात ते, ०.०५ च्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. नाशिक-सांगलीत छाटणीनंतर वेलीची फाजील वाढ रोखायला ते वर्षानुवर्षं वापरलं जात होतं. कंटेनर अडकले, लोकांचं वर्षभराचं उत्पन्न बंदरात कुजलं. आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी त्याच द्राक्षांना ‘पास’ म्हटलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. तपासायच्या यादीत सीसीसी नव्हतंच. शिवाय सीसीसी कायमचा धनभार असलेला रेणू आहे. तो पाण्यात राहतो, इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये येत नाही. म्हणजे यादीत नाव नव्हतं, आणि नेहमीच्या अर्कातही तो नव्हता. त्याला आम्लयुक्त मिथेनॉलने वेगळं काढावं लागतं आणि क्रोमॅटोग्राफच्या वेगळ्या नळीवर मोजावं लागतं. ग्लायफोसेट या तणनाशकाचीही तीच तऱ्हा. एका अर्कात शेकडो औषधं तपासल्याची जाहिरात वाचताना त्या शेकडोंमध्ये कोण नाही हे विचारायला मी त्या वर्षी शिकले. त्या वर्षी एक बागायतदार माझ्या टेबलासमोर आमचाच जुना अहवाल घेऊन बसले होते. आवाज चढवला नाही. फक्त बोटाने ओळींवरून खाली खाली जात राहिले आणि म्हणाले, ‘ताई, यात सीसीसी कुठंय?’

मँकोझेब या बुरशीनाशकाचंही वेगळंच आहे, आणि द्राक्षात ते हटकून वापरतात म्हणून थोडक्यात सांगते. ते कोणत्याच द्रावकात नीट विरघळत नाही आणि फळ दळलं की रसातल्या आम्लात मोडायला लागतं. म्हणून त्याच्यासाठी द्राक्षं दळत नाहीत, अख्खी घेतात. बंद बाटलीत आम्ल आणि स्टॅनस क्लोराइडबरोबर ८० अंशांवर तापवून त्यातून निघणारा कार्बन डायसल्फाइड वायू मोजतात. त्यामुळे अहवालात मँकोझेबचं नाव नसतं, ‘डायथायोकार्बामेट, कार्बन डायसल्फाइड म्हणून’ असं असतं. कोबी, कांदा, लसूण यांत फवारणीशिवायही हा वायू थोडा निघतो, त्यामुळे कोबीचा असा अहवाल आला तर लगेच शेतकऱ्याला दोषी धरू नये.

तर परत तुमच्या ०.०३ कडे. कोणत्याही आकड्याला अनिश्चितता असते. एवढ्या खालच्या पातळीवर युरोपातल्या प्रयोगशाळा सरसकट ५० टक्के धरतात. म्हणजे ०.०३ चा अर्थ ०.०१५ ते ०.०४५. तिथला अधिकारी माल नाकारण्याआधी ही अनिश्चितता शेतकऱ्याच्या बाजूने वजा करतो. वजा करूनही ०.०१५ उरतं, आणि मर्यादा ०.०१ आहे. म्हणजे आज हा माल युरोपला पाठवू नये. निर्यात करणाऱ्याने मात्र हाच हिशेब उलटा करावा. अहवालात ०.००८ आलं तरी खरं मूल्य ०.०१२ असू शकतं, म्हणून ०.००५ च्या खाली जाईपर्यंत मी निश्चिंत नसते.

वडिलांना सांगा, घाबरून काही होत नाही, तीन गोष्टी करा. एक, फवारणीची वही काढा. ‘क्लोरपायरीफॉस मारलंच नाही’ असं ते म्हणतील आणि ते खरंही असेल, कारण पिठ्या ढेकणासाठी खोडावर किंवा वाळवीसाठी बुडाशी दिलेलं औषध बऱ्याच जणांना ‘फवारणी’ वाटत नाही. लेबलवर घटक न लिहिलेली ‘जैविक’ बाटली वापरली असेल तर ती बाटली जपून ठेवा, तीही तपासता येते. मी अशा बाटल्यांत रासायनिक कीडनाशक सापडताना पाहिलं आहे, आणि त्याचा मला आजही राग येतो, कारण शेतकऱ्याने तिथे विश्वासाने पैसे मोजलेले असतात. दोन, घड अजून वेलीवर असतील तर थांबा. समजा बागेत हे औषध दर चार दिवसांनी निम्मं होत असेल, तर ०.०३ चं ०.०१ व्हायला सहा-सात दिवस लागतात आणि ०.००५ व्हायला दहा-अकरा. तुमच्या बागेतला वेग हवामानावर ठरेल, म्हणून तारखेवर विसंबू नका, पुन्हा तपासा. तीन, पुन्हा देताना दोन्हीकडे एकाच एकत्र केलेल्या नमुन्याचे भाग द्या. प्रयोगशाळेला आधी फोन करून विचारा: क्लोरपायरीफॉस आणि द्राक्ष ही जोडी तुमच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी भारतातली संस्था) मान्यतेच्या यादीत आहे का, एलओक्यू ०.०१ किंवा त्याखाली आहे का, सीसीसी वेगळं तपासता का, आणि माझ्या बॅचच्या ब्लँकचा आणि स्पाइकचा निकाल दाखवाल का. शेवटच्या प्रश्नावर चांगली प्रयोगशाळा रागावत नाही. आमच्याकडे कोणी तो विचारला तर मी त्या बॅचची फाइल उघडून समोर ठेवते.

आणि एम.एस्सी. नंतर या कामात यायचा विचार असेल तर मांजरीला एकदा जाऊन या. द्राक्षाच्या हंगामात, जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर नमुन्यांची रांग कशी असते ते दिसेल. तिथे दळणाच्या खोलीत थोडा वेळ उभ्या राहा.